रॉकेलचा हीटर आणि उघडी खिडकी

मात्सुमोतोतल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी माझं डोकं दुखायचं. हे गाव जपानच्या नागानो प्रांतात, डोंगरांच्या मधोमध, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्री उणे पाच अंश ही तिथली नेहमीची गोष्ट. आमचं भाड्याचं घर जुनं, लाकडी, पातळ भिंतींचं होतं. घरमालकांनी किल्लीबरोबर रॉकेलचा एक हीटर आणि अठरा लिटरचा लाल प्लास्टिकचा कॅन दिला होता. मी सातव्या महिन्यात होते. थंडीची धास्ती एवढी, की खिडक्यांच्या फटींत मी कापडाच्या पट्ट्या कोंबल्या होत्या.

बाळंतपणासाठी आई साताऱ्याहून आली. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली, "घासलेट जळतंय ना गं? मग खिडकी का लावलीस?"

"आई, बाहेर उणे चार आहे."

"असू दे. आधी उघड."

आमच्या साताऱ्याच्या घरी वातीचा स्टोव्ह कित्येक वर्षं होता आणि तो मागच्या पडवीतच पेटायचा. आजीची तशी सक्त ताकीद होती. कारण कुणी सांगितलं नव्हतं, पण सवय पक्की होती. खिडकी अधूनमधून उघडायला लागल्यावर चार दिवसांत माझी डोकेदुखी थांबली. त्यानंतर मी हीटरचं माहितीपुस्तक शब्दकोश घेऊन ओळीओळीनं वाचून काढलं. त्यातली प्रत्येक सूचना एकाच गोष्टीतून निघते, हे तेव्हा लक्षात आलं. ती गोष्ट नीट समजली तर बाकीचं पाठ करावं लागत नाही, म्हणून आधी तीच सांगते.

खोली हेच धुराडं

चुलीला धुराडं असतं, बंबाला नळी असते. जळण्यातून निघालेलं सगळं त्यातून बाहेर जातं. रॉकेलचा साधा हीटर, मग तो वातीचा असो की पंख्याचा, त्याला असं काहीच नसतं. तो खोलीतली हवा घेतो आणि जळल्यावर उरलेलं खोलीतच सोडतो. याचा एक फायदा आहे. उष्णता धुराड्यातून वाया जात नाही, रॉकेलमधली जवळजवळ सगळी ऊब खोलीला मिळते. म्हणून तर तो एवढा स्वस्त पडतो. पण ज्या हवेवर ज्योत जगते, त्याच हवेवर आपणही जगत असतो.

थोडा हिशेब करू. एक लिटर रॉकेल पूर्ण जळायला सुमारे दहा घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. त्यातून सुमारे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड आणि एक लिटरहून थोडं जास्त पाणी तयार होतं. पाणी वाफेच्या रूपात असतं, म्हणून दिसत नाही. दिसतं ते सकाळी खिडकीच्या काचेवर ओघळताना आणि महिन्याभरानं कपाटामागे काळी बुरशी धरल्यावर. काचेवरचे ते ओघळ वाईटच, पण खोलीची हवा बदलली गेलेली नाही हे ते फुकटात सांगतात.

आता आमची खोली घ्या. सहा तातामी चटयांची, म्हणजे साधारण दहा चौरस मीटरची. छताची उंची धरली तर चोवीस घनमीटर हवा. अडीच किलोवॉटचा मध्यम हीटर तासाला पाव लिटर रॉकेल जाळतो. खोली अगदी हवाबंद असेल, तर एका तासात ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास येतो आणि कार्बन डायऑक्साइड दीड टक्क्याच्या जवळ जातो. बाहेरच्या ताज्या हवेत तो ०.०४ टक्क्याच्या थोडा वर असतो. खऱ्या खोलीत फटी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात वेग कमी असतो. मी मात्र त्याच फटी बुजवून ठेवल्या होत्या.

ऑक्सिजन १९ टक्क्यांवर आला म्हणून माणूस गुदमरत नाही. पण ज्योतीला ते आपल्याआधी बाधतं. ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या खाली जाऊ लागला की रॉकेल पूर्ण जळत नाही. कार्बनच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळायला हवेत, तिथे काहींना एकच मिळतो, आणि कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

न दिसणारा, वास न येणारा

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रॉकेलचा जो वास येतो तो न जळलेल्या वाफेचा असतो. म्हणून "वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक" हा तर्क इथे चालत नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून शरीरभर पोहोचवतं. कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. एकदा जागा अडवली की लवकर सोडत नाही. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तात साठत जातो. दहा लाख भाग हवेत २०० भाग, म्हणजे २०० पीपीएम असला, तर दोन-तीन तासांत डोकं दुखायला लागतं. १,६०० पीपीएमला वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर, मळमळ येते आणि दोन तासांत जीव जाऊ शकतो. १,६०० पीपीएम म्हणजे हवेचा जेमतेम ०.१६ टक्का.

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन या वायूला आईच्या रक्तापेक्षाही घट्ट धरून ठेवतं आणि बाळाच्या रक्तातून तो बाहेर पडायलाही जास्त वेळ लागतो. हे वाचलं तेव्हा त्या खिडकीच्या पट्ट्या मी त्याच दुपारी सगळ्या काढून टाकल्या.

सुरुवातीची लक्षणं फसवी असतात: डोकं जड होणं, थकवा, मळमळ, गुंगी. सर्दी-तापाची कणकण वाटते, पण ताप नसतो. ओळखायच्या दोन खुणा आहेत. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी तसं वाटतं, आणि बाहेर पडलं की बरं वाटतं. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर तोही मलूल होतो. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही, गुंगीतून तो सरळ बेशुद्धीत जातो. म्हणून हीटर चालू ठेवून झोपायचं नाही. "थोडाच वेळ, मग उठून बंद करते" हेही नाही, कारण ज्या मेंदूनं उठायचं तोच आधी मंदावतो.

करोनाच्या काळात आपल्यापैकी अनेकांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला. या बाबतीत त्यावर विसंबू नका. हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक त्या साध्या यंत्राला कळत नाही. माणूस विषबाधेनं कोसळत असतानाही ते ९८ दाखवू शकतं. संशय आला तर आकड्यांच्या मागे लागू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर मोकळ्या हवेत या आणि रुग्णवाहिका बोलवा. जपानमध्ये त्यासाठी ११९, भारतात ११२ किंवा १०८. डॉक्टरांना "घरात रॉकेलचा हीटर चालू होता" हे पहिल्याच वाक्यात सांगा. हे त्यांना कळलं नाही तर तपासाची दिशा चुकू शकते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे दूरदेशीचं वाटू नये. बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गीझर, बंद दार, बंद झरोका आणि आत बेशुद्ध सापडलेला माणूस, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. इंधन वेगळं, पण मारेकरी तोच.

कार्बन मोनॉक्साइडसाठीचा अलार्म मिळतो आणि तो घ्यायलाच हवा. मात्र धुराचा अलार्म वेगळा. जपानमध्ये २००६ पासून नव्या घरांत आगीची सूचना देणारा अलार्म सक्तीचा आहे. आमच्या छतावरही तो होता आणि मी निश्चिंत होते. तो धूर ओळखतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. त्याचा अलार्म वेगळा विकत घ्यावा लागतो. हा वायू हवेइतकाच हलका-जड असतो, खोलीत सगळीकडे मिसळतो. म्हणून अलार्म झोपायच्या खोलीजवळ, आवाजानं जाग येईल असा लावायचा.

खिडकी उघडली तर ऊब जाईल ना?

सगळं अडतं ते इथे. हीटरवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं असतं, तासाला एक-दोनदा, एक-दोन मिनिटं हवा खेळती करा. जपानीत त्याला 'कान्की' म्हणतात, आणि हा शब्द थंडीत शाळेपासून रेल्वेपर्यंत सगळीकडे कानावर पडतो. तरीही लोक खिडकी उघडत नाहीत, कारण मनात येतं, तासभर जाळून मिळवलेली ऊब दोन मिनिटांत घालवायची?

मी याचाही हिशेब केला, आणि त्यानंतर मला कधी खिडकी उघडायला जड गेलं नाही. चोवीस घनमीटर हवेचं वजन साधारण एकोणतीस किलो. खोलीतली सगळीच्या सगळी हवा गेली आणि उणे पाच अंशांची हवा आत आली असं धरलं, तरी ती अठरा अंशांपर्यंत तापवायला अडीच किलोवॉटच्या हीटरला पाच मिनिटंही लागत नाहीत. रॉकेल लागतं वीस मिलिलिटरच्या आत, म्हणजे जेमतेम चार चमचे. खोलीची खरी ऊब भिंती, जमीन, गाद्या, कपाटं यांत साठलेली असते, आणि ती दोन मिनिटांत पळत नाही. त्या दोन मिनिटांत अंगावर काटा येतो, म्हणून नुकसान मोठं वाटतं. दार लावलं की थोड्या वेळात खोली पूर्ववत होते.

एकच खिडकी किलकिली करण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि एक दार, पूर्ण उघडा. हवा एकीकडून येऊन दुसरीकडून गेली पाहिजे. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा लावलात तरी हवा आत यायला वाट ठेवा, नाहीतर तो नुसताच घरघरत राहतो. फोनवर अर्ध्या तासाचा गजर लावून ठेवणं हा मला सापडलेला सगळ्यात सोपा उपाय.

कुणाला दमा असेल तर हे अधिकच पाळायला हवं. ज्योतीच्या उष्णतेत हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो श्वासनलिकांना त्रास देतो. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर माझं स्पष्ट मत आहे की त्या खोलीत विजेचाच हीटर असावा, बिल जास्त आलं तरी चालेल. बाळ घरी आल्यावर आम्ही तेच केलं.

ज्योतीचा रंग

रॉकेल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. वात रॉकेल वर ओढते, टोकाशी त्याची वाफ होते, आणि वातीवरच्या धातूच्या नळकांड्याच्या छिद्रांतून येणारी हवा त्या वाफेत मिसळते. मिश्रण बरोबर असेल तर ज्योत निळी दिसते. काही हीटरमध्ये जाळीचं नळकांडं तापून एकसारखं लालबुंद होतं, तेही बरोबर. पिवळी, लांब, थरथरणारी जीभ वर आली की समजायचं, हवा कमी पडतेय. तो पिवळा रंग तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो. कंदिलात आपल्याला तोच पिवळा उजेड हवा असतो, म्हणून कंदिलाची काच काळी होते. हीटरमध्ये तो नको.

पिवळं होण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे नळकांडं वातीवर तिरकं बसणं. पेटवल्यावर त्याची मूठ धरून दोन-तीनदा डावी-उजवीकडे हलवायची, म्हणजे ते खाचेत बरोबर बसतं. एवढंसं काम, पण मी सुरुवातीला ते करतच नव्हते.

दुसरी चूक आपल्या स्वयंपाकघरातून येते. आच मंद केली की कमी जळेल, कमी धोका, असं आपल्याला वाटतं. वातीच्या हीटरचं तसं नसतं. वात ठरलेल्या खुणेपेक्षा खाली घेतली तर नळकांडं नीट तापत नाही, ज्वलन अर्धवट होतं, आणि वास व कार्बन मोनॉक्साइड दोन्ही वाढतात. ऊब जास्त झाली तर हीटर बंद करावा आणि नंतर पुन्हा पेटवावा. मध्येच बारीक करून ठेवू नये.

वातीच्या टोकाशी डांबरासारखा थर बसतो. त्यामुळे वात वरखाली होताना अडते, आणि वात खाली जात नाही म्हणजे हीटर विझत नाही, हे लक्षात घ्या. काचतंतूंच्या वातीसाठी यावर उपाय आहे. टाकीतलं रॉकेल संपू द्यायचं आणि वात पूर्ण वर करून, विझेपर्यंत कोरडीच जळू द्यायची. थर जळून जातो. वास फार येतो, म्हणून हे खिडक्या सताड उघड्या ठेवून करायचं. सुती वातीला मात्र असं करायचं नाही, ती स्वतःच जळून जाते. आपल्या हीटरची वात कोणती, हे माहितीपुस्तकात पाहून घ्या. आई स्टोव्हची वात कात्रीनं कापायची. इथे कात्री लावू नका, टोक वेडंवाकडं झालं की ज्योतही वेडीवाकडी होते.

पंख्याच्या हीटरमध्ये वात नसते. तो विजेवर चालतो आणि ज्योतीवर एक सेन्सर नजर ठेवतो. केसांना लावायची सीरम, स्प्रे, कपड्यांवरचे पाणीरोधक फवारे यांत सिलिकॉन असतं. ते जळून त्या सेन्सरवर पांढरा थर धरतं आणि हीटर सारखा बंद पडायला लागतो. बिघडला म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी त्या खोलीत कोण काय फवारतं ते पाहा.

रॉकेल आणि रॉकेल

आपल्याकडचं रेशनचं रॉकेल निळं असायचं. भेसळ ओळखता यावी म्हणून त्यात रंग घालत. जपानचं रॉकेल, ज्याला तिथे 'तोयू' म्हणतात, पाण्यासारखं रंगहीन असतं. फरक रंगापुरता नाही. भारतीय मानकानुसार रॉकेलमध्ये गंधक ०.२५ टक्क्यापर्यंत चालतं, जपानच्या पहिल्या प्रतीच्या रॉकेलमध्ये ०.००८ टक्क्यापर्यंतच. म्हणजे तीस पटींचा फरक. गंधक जळलं की घशाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड तयार होतो. तेव्हा बिनधुराड्याचा जपानी हीटर भारतात आणून मिळेल त्या रॉकेलवर खोलीत लावायचा विचार कुणी करत असेल, तर करू नये.

चांगलं रॉकेलही बिघडतं. गेल्या हिवाळ्यात उरलेलं, उन्हात किंवा गच्चीवर ठेवलेलं रॉकेल हळूहळू पिवळसर होतं आणि त्याला आंबूस वास येतो. एका काचेच्या पेल्यात पाणी, दुसऱ्यात रॉकेल घ्या आणि दोन्हींच्या मागे पांढरा कागद धरा. रॉकेल किंचितही पिवळं दिसलं तर वापरू नका. तेच रॉकेल वातीवर डांबर साठवतं. ते मोरीत किंवा अंगणात ओतूही नका. जपानमध्ये अनेक पेट्रोल पंपांवर ते परत घेतात, आधी विचारून जा. प्लास्टिकचा कॅनही कायमचा नसतो, साधारण पाच वर्षांनी बदलावा.

पेट्रोलशी गल्लत ही सगळ्यात भयंकर. जपानच्या सेल्फ, म्हणजे आपलं आपण भरायच्या पंपांवर साध्या पेट्रोलची नळी लाल, भारी पेट्रोलची पिवळी, डिझेलची हिरवी आणि रॉकेलची निळी असते. नव्या माणसाला 'तोयू' आणि डिझेलचं 'केइयू' ही नावंही सारखीच वाटतात. जिथे बर्फ हटवायचं यंत्र असतं, तिथे पेट्रोल आणि रॉकेल एकाच पडवीत ठेवलेलं असतं. चूक तिथेही होते. रॉकेलच्या वाफा चाळीस अंशांच्या खाली ठिणगीनं पेटत नाहीत, म्हणून खोलीतल्या टाकीत ते शांत पडून असतं. पेट्रोलच्या वाफा उणे चाळीसलाही पेटतात. पेट्रोल हीटरमध्ये गेलं तर ज्योत आवरत नाही, बंद केली तरी विझत नाही. शंका असेल तर कुठलीही आग जवळ नसताना बोटावर एक थेंब घेऊन फुंकर घाला. पेट्रोल लगेच उडून बोट कोरडं होतं, रॉकेल ओशट राहतं. पेट्रोल प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरणं जपानमध्ये कायद्यानं मना आहे, त्याला लोखंडी डबाच लागतो. हा नियम घरातही पाळला तर दोन्हींची गल्लत व्हायची शक्यता बरीच कमी होते.

भरताना आणि वाळवताना

आग लागते ती बहुतेक रोजच्या दोन कामांत. पहिलं, रॉकेल भरणं. हीटर आधी विझवायचा, थोडा निवू द्यायचा, टाकी काढून दुसऱ्या जागी नेऊन भरायची. खुणेच्या वर भरायचं नाही, कारण ऊब लागली की रॉकेल फुगतं. झाकण लावल्यावर टाकी उलटी करून एकदा पाहायची, एक थेंबही गळता कामा नये. झाकण अर्धवट लागलेलं असतं आणि पेटत्या हीटरवर टाकी उलटी धरली जाते, अशा अपघातांमुळेच जपाननं नियम कडक केले. २००९ मध्ये रॉकेलचे हीटर खास सुरक्षा तपासणीच्या यादीत आले आणि एप्रिल २०११ पासून पीएससी हे सुरक्षेचं चिन्ह नसलेला हीटर विकता येत नाही. जुना हीटर कुणी फुकट देत असेल तर हे चिन्ह आहे का ते आधी बघा. नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

दुसरं काम कपडे वाळवणं. हिवाळ्यात बाहेर काही वाळत नाही आणि हीटरच्या वर दोरी बांधायचा मोह होतो. ओला कपडा जड असतो म्हणून जागेवर राहतो. वाळला की हलका होतो, गरम हवेच्या झोतानं हलतो आणि घसरून खाली पडतो. पडायच्या वेळी तो पेटायला अगदी तयार असतो. बाळाची दुपटी घरात वाळवायचीच होती, तेव्हा आईनं घोडी दुसऱ्या खोलीत मांडली आणि तिथे विजेचा पंखा लावला. पडदे, गाद्या, कागद हीटरपासून निदान एक मीटर लांब हवेत. स्प्रेचे डबे किंवा छोट्या शेगडीची गॅसची नळकांडी तर हीटरच्या समोर कधीच नकोत, ती तापून फुटतात.

भूकंपाचा विचार जपानमध्ये वेगळा करावा लागत नाही, तो यंत्रातच असतो. १९६८ च्या तोकाची-ओकी भूकंपात रॉकेलच्या स्टोव्हमुळे अनेक आगी लागल्या. त्यानंतर धक्का बसताच आपोआप विझणाऱ्या यंत्रणेवर भर दिला गेला. आमचा हीटर रांगणारं बाळ धडकलं तरी विझायचा. याच वातीच्या हीटरांनी मार्च २०११ च्या भूकंपानंतर, वीज नसताना, ईशान्य जपानच्या तोहोकू भागातल्या थंडीत लोकांना ऊब दिली. म्हणून मी या हीटरच्या विरोधात नाही. फक्त त्याला काय लागतं, ते त्याला दिलं पाहिजे.

उंचावर, बर्फात

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर वेगळी तऱ्हा असते. तिथे बहुतेक घरांत भिंतीतून नळी बाहेर गेलेले हीटर असतात. ते बाहेरची हवा घेतात, धूर बाहेर सोडतात, आणि अंगणातल्या ४९० लिटरच्या टाकीतून त्यांना रॉकेल मिळतं. पैसे परवडत असतील आणि घर स्वतःचं असेल तर मी हाच प्रकार निवडेन. त्यात लक्ष ठेवायचं ते एकाच गोष्टीवर. रात्रभर बर्फ पडला तर बाहेरचं नळीचं तोंड बुजलं नाही ना, हे सकाळी जाऊन पाहायचं. तोंड बुजलं की धूर घरातच राहतो.

तोक्योत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र आधी भाड्याचा करार वाचावा. तिथल्या बऱ्याच इमारतींत रॉकेलच्या हीटरला सरळ बंदी असते.

आणि लडाखबद्दल, कारण आता आपली माणसं भर थंडीतही तिकडे जातात. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण दोनतृतीयांश असतो, त्यामुळे ज्योतीला आणि आपल्याला, दोघांनाही प्रत्येक घनमीटरमागे एक तृतीयांश ऑक्सिजन कमी मिळतो. तिथल्या बुखारीला, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीला, छपरातून बाहेर जाणारी नळी असते. त्या नळीचा सांधा कुठे काळवंडलेला दिसला किंवा खोलीत धूर आला, तर मालकांना लगेच सांगा आणि खोली बदलून घ्या. नळी नसलेला हीटर किंवा कोळशाची शेगडी रात्री खोलीत ठेवायला कुणी प्रेमानं आणून दिली, तरी झोपायच्या आधी ती खोलीबाहेर ठेवायला सांगा. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. उंचीवर विरळ हवेचा त्रास होतो तेव्हाही डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. कार्बन मोनॉक्साइडचीही हीच लक्षणं. आपण "हवा लागली" म्हणून गोळी घेऊन पुन्हा त्याच बंद खोलीत झोपतो. तिथे रात्री डोकं दुखून जाग आली, तर गोळी शोधण्याआधी दार उघडा आणि खोलीतल्या दुसऱ्या माणसाला हलवून उठवा.